फाटे मोजायचे की रोपं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, रायफलीने हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो. 2019च्या आधी हा मुहूर्त सोमवारचा असे आणि त्या सोमवारी राज्यातल्या कित्येक शाळा चक्क बंद राहत. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर पडदा पाडला, त्यामुळे ‘कोणतं हरीण मारावं’ हा प्रश्नच मराठी वाचकाला अवघड वाटेल. तिथे मात्र तो दरवर्षी लाखो माणसांपुढे असतो आणि त्यावरून कडाक्याची भांडणं होतात. एक बाजू म्हणते, मोठ्या शिंगांचा नर मारावा, मादीला हात लावू नये. दुसरी म्हणते, आधी वयात आलेली मादी मारा, शिंगांचं नंतर बघू. इथे ही दोन्ही मतं शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीने समोरासमोर बसवली आहेत. उत्तरपक्ष माझा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्वपक्ष मात्र मुद्दाम पांगळा ठेवलेला नाही, कारण त्याच्या पाठीशी शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वपक्ष: त्या इतिहासापासूनच सुरुवात करू. 1900च्या सुमारास पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ संपलं होतं. जंगलं सरसकट तोडली गेली होती आणि बाजारात मांस विकणाऱ्यांनी वर्षभर, दिवसारात्री, नर-मादी न बघता गोळ्या घातल्या होत्या. शिकारीचा कारभार बघणारं राज्याचं गेम कमिशन 1895मध्ये स्थापन झालं. मग बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली आणि 1907मध्ये कायदा आला की शिंगं असलेला नरच मारायचा. हा कायदा आमच्या आजोबा-पणजोबांनी पाळला, शेजाऱ्याला पाळायला लावला आणि हरीण परत आलं. मादी वाचवली म्हणून कळप वाढला, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, आमच्या डोंगरांत घडलेलं आहे. ज्या नियमाने जंगलात पुन्हा जीव आणला, तोच नियम आज तुम्ही आम्हाला चूक म्हणून शिकवता?

उत्तरपक्ष: चूक नव्हताच तो. 1907मध्ये त्याच्यापेक्षा शहाणा नियम सुचला नसता. पण तो यशस्वी का झाला, ते नीट बघा, कारण आजच्या अडचणीचं मूळही तिथेच आहे. पांढऱ्या शेपटीच्या या हरणात एक नर अनेक माद्यांना गाभण करतो. नोव्हेंबरच्या मध्यावर माज ऐन भरात असतो, सुमारे दोनशे दिवसांनी, मेअखेर ते जूनमध्ये, पाडसं जन्मतात आणि धडधाकट मादीला बहुधा जुळं होतं. खाणं भरपूर असेल तर काही मादी पाडसं पहिल्याच हिवाळ्यात गाभण राहतात. आता समजा, एका खोऱ्यात शंभर माद्या आणि पन्नास नर आहेत. तीस नर मारले तरी उरलेले वीस जवळपास सगळ्या माद्यांना पुरतात, आणि पुढच्या जूनमध्ये पाडसं होती तितकीच होतात. त्याऐवजी तीस माद्या मारल्या, तर त्या तीस गेल्याच, शिवाय त्यांच्या पोटी येणारी चाळीस-पन्नास पाडसंही आली नाहीत. म्हणजे नर मारल्याने संख्येला लगाम बसत नाही. कळप शून्यातून वर आणायचा होता तेव्हा हाच गुण होता. कळप जंगलाच्या डोक्यावर बसल्यावर तो दोष झाला. लांडगे आणि पहाडी सिंह तर एकोणिसाव्या शतकातच तिथून नाहीसे झाले होते, म्हणजे मादीवरचा दुसरा अंकुशही उरला नव्हता. हे कमिशनच्याही लवकर लक्षात आलं. 1923मध्ये काही भागांत आणि 1928मध्ये राज्यभर बिनशिंगी हरणांचा हंगाम उघडला गेला. दोन्ही वेळा शिकाऱ्यांनी आकांत केला. रॉजर लॅथम नावाचा कमिशनचाच शास्त्रज्ञ 1950मध्ये जाहीरपणे लिहू लागला की हरणं फार झाली आहेत आणि फार काळ झाली आहेत. 1957मध्ये त्याची नोकरी गेली.

पूर्वपक्ष: ‘फार झाली’ हे ठरवलं कोणी? कमिशनचे आकडे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. इकडे हंगामाचे पहिले दोन दिवस मचाणावर थंडीत कुडकुडत बसलं तरी शेपटी दिसत नाही. वडिलांच्या काळी एका सकाळी वीस-वीस हरणं जात. तुमच्या मादीच्या परवान्यांनी डोंगर मोकळे केले आणि वर म्हणता, अजून मारा.

उत्तरपक्ष: हरणं कोणी मोजली हा प्रश्न रास्त आहे. दाट जंगलातली हरणं कोणालाच एकेक करून मोजता येत नाहीत, आणि जो छातीठोक आकडा सांगतो त्याच्यावर तुम्ही शंका घ्या, माझी हरकत नाही. पण म्हणूनच हरणं मोजण्याऐवजी त्यांनी खाल्लेलं मोजावं. राज्याच्या वायव्येला अ‍ॅलेगेनीच्या जंगलात अमेरिकेच्या वनखात्याने 1979पासून दहा वर्षं एक प्रयोग केला. कुंपणाचे मोठे वाडे बांधले आणि त्यांत चौरस मैलाला दहा, वीस, चाळीस आणि ऐंशी या हिशेबाने हरणं ठेवली. प्रत्येक वाड्यात थोडं जंगल पूर्ण तोडलेलं, थोडं विरळलेलं आणि बाकीचं न तोडलेलं, म्हणजे बाहेरच्या खऱ्या जंगलासारखंच. बाकी सगळं सारखं, फरक फक्त हरणांचा. चौरस मैलाला वीसच्या वर हरणं गेली की झाडांच्या जाती गळू लागल्या. मेपल, अ‍ॅश, पिन चेरी यांची रोपं मागे पडली आणि हरणांना फारशी न आवडणारी ब्लॅक चेरी, बीच, गवत आणि नेचे यांनी जागा बळकावली. जमिनीवर किंवा शेंड्यावर नव्हे, मधल्या उंचीवर घरटी करणारे पक्षीही दाट हरणांच्या वाड्यांत ठळकपणे कमी झाले, कारण घरटं बांधायचं झुडूपच राहिलं नाही.

अशा जंगलात एकदा नीट उभं राहून बघावं. वर मोठी, देखणी झाडं असतात. त्यांच्या खाली गुडघाभर नेच्यांचा सलग हिरवा गालिचा असतो, आणि पाहुण्याला वाटतं, वा, काय हिरवंगार! पण त्या गालिच्यात हात घालून चाचपलं तर बोटभर उंचीचं मेपलचं रोप सापडणं मुश्किल. जे सापडतं त्याचा शेंडा खुडलेला असतो. या हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती फांदी कापत नाहीत, ओढून तोडतात, आणि टोक दातेरी, धागे निघालेलं राहतं. सशाने खाल्लेली काडी सुरीने तिरकी छाटल्यासारखी असते. एवढा फरक कळला की कोणी खाल्लं, यावर वाद उरत नाही. शिवाय नेच्यांची दाट सावली नव्या बियाण्याला रुजू देत नाही. त्यामुळे उद्या हरणं कमी झाली तरी जंगल लगेच सावरत नाही. तुम्हाला मचाणावरून शेपटी दिसत नाही, याचं एक कारण तिथे आहे. ज्या जंगलात खाली चावायला काही नाही, तिथे हरीण थांबेल कशाला? ते शेताच्या कडेला आणि शहरालगतच्या बंगल्यांच्या बागांत जातं. वडिलांच्या काळची वीस हरणं म्हणजे खात्यात मुद्दल नसताना काढलेली रक्कम होती.

पूर्वपक्ष: बरं, संख्या कमी करायची म्हणू. पण कळपाचा कस नावाची काही गोष्ट आहे की नाही? चांगल्या शिंगांचे नर राखावेत, दीड वर्षाच्या वयात ज्यांना नुसता सुळका फुटतो, फाटा नाही, असे रोडके आधी काढावेत, म्हणजे पुढची पिढी दमदार होईल. शेतकरी वळू असाच निवडतो.

उत्तरपक्ष: शेतकरी वळू निवडतो तेव्हा गोठ्याला दार असतं आणि कोणती गाय कोणाकडून फळली हे त्याला ठाऊक असतं. जंगलात यातलं काहीच नाही. सुळक्याचा वाद टेक्ससमध्ये चांगला तीसेक वर्षं रंगला. 1970च्या दशकात तिथल्या ‘कर’ (Kerr) नावाच्या वन्यजीव संशोधन क्षेत्रात बंदिस्त हरणांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की सुळकेवाले नर आनुवंशिकतेनेच कमअस्सल. शिकाऱ्यांनी तो शिरोधार्य मानला, कारण त्याने हाताला काम दिलं. पुढे दक्षिण टेक्ससमध्ये मोकळ्या जंगलातले नर लहानपणी पकडून, खुणा करून, मोठेपणी पुन्हा पकडून मोजले गेले. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की साडेचार वर्षांचे होईपर्यंत सुळकेवाले आणि फाटेवाले यांच्या शिंगांतला फरक उरतच नाही. उशिरा जन्मलेलं पाडस, दुष्काळी साल, आईचं कमी दूध, एवढ्या कारणांनीही पहिल्या वर्षी सुळका फुटतो. वय झालं की शिंगं भरतात. तेव्हा दीड वर्षाच्या नराच्या डोक्याकडे बघून त्याच्या वंशाचं भविष्य वर्तवणं म्हणजे कुंडली मांडण्यातलाच प्रकार.

आता उलट बाजूही सांगतो, कारण शिंगांच्या नियमाला अंगचाच एक खोडा आहे. मिसिसिपी राज्याने 1995मध्ये नियम केला की निदान चार फाटे असलेलाच नर मारायचा. हेतू होता लहानांना वाचवण्याचा. पण एकाच वयाच्या नरांत ज्यांची शिंगं जोमदार, त्यांना दीड वर्षातच चार फाटे फुटले आणि तेच मारले गेले. राहिले ते खुजे. काही वर्षांनी अभ्यासकांना काही भागांत त्याच वयाच्या नरांची सरासरी शिंगं लहान झालेली आढळली. चांगले राखायचा नियम चांगलेच वेचून काढत होता. पेनसिल्व्हेनियाने 2002मध्ये असाच नियम आणला. बहुतेक राज्यात एका बाजूला किमान तीन फाटे, पश्चिमेला चार. त्याआधी मारल्या जाणाऱ्या नरांत दहापैकी आठांहून अधिक दीड वर्षांचेच असत. नियमानंतर ते प्रमाण खरंच उतरलं आणि मोठ्या वयाचे नर दिसू लागले. हे यश नाकारायचं कारण नाही. पण ते वयाचं यश आहे, वंशाचं नव्हे. आणि ‘माझ्या रानातला नर मी राखतो, पुढच्या वर्षी मीच मारीन’ हा हिशेबही कच्चा आहे. पेनसिल्व्हेनियात गळ्यात रेडिओचे पट्टे घालून पाहिलं तेव्हा कळलं की सुमारे सत्तर टक्के नर दीड वर्षाचे होईपर्यंत जन्मभूमी सोडून काही मैल दूर निघून जातात. तुम्ही राखलेला नर शेजारच्या तालुक्याचा असतो.

पूर्वपक्ष: तरी मादी मारायला हात धजत नाही, हे तुम्ही आकड्यांनी कसं सोडवणार? मागे पाडसं उभी असतात. आणि बिनशिंगी म्हणून गोळी घातली, जवळ जाऊन बघितलं तर नर पाडसाच्या कपाळावर खुंट्या. हे प्रत्येकाच्या बाबतीत कधी ना कधी घडतं.

उत्तरपक्ष: हात धजत नाही याला उत्तर नाही आणि ते असूही नये. ज्याचा हात सहज धजतो त्याच्याशी मला बोलायचंही नाही. पण पाडसांपुरतं वास्तव वेगळं आहे. रायफलीचा हंगाम सुरू होतो तेव्हा ती सहा महिन्यांची असतात, दूध केव्हाच तुटलेलं असतं, चरणं-पळणं शिकलेलं असतं. व्हर्जिनियातल्या एका अभ्यासात तर आई गेलेले नर पाडे जन्मभूमी सोडून कमी गेले आणि म्हणून जास्त जगले, कारण एरवी पोरगेल्या नराला हुसकून लावणारी त्याची आईच असते. याचा अर्थ पोरकेपण चांगलं असा नाही. पण ‘मादी मारली म्हणजे तीन जीव घेतले’ हे नोव्हेंबरअखेरीला खरं नाही.

खुंट्यांची तक्रार मात्र सोळा आणे खरी. पेनसिल्व्हेनियात बिनशिंगी म्हणून मारल्या जाणाऱ्या दर पाच हरणांत साधारण एक नर पाडस निघतं. ही चूक टाळता येते, फक्त थांबावं लागतं. पाडसाचं तोंड आखूड असतं, मोठ्या मादीचं लांबट, नाकाकडे निमुळतं. दोन कानांच्या मधली टाळू मादीची गोलसर असते, नर पाडसाची सपाट, आणि प्रकाश तिरका असेल तर खुंट्यांचे दोन उंचवटे कळतात. एकटं, बेफिकीर उघड्यावर आलेलं बिनशिंगी हरीण बहुधा नर पाडसच असतं. मोठी मादी आधी कडेला थांबते, मान उंचावते, पुढचा खूर आपटते. म्हणून दोन-तीन बिनशिंगी एकत्र येईपर्यंत थांबावं आणि त्यातली सर्वांत मोठी निवडावी. शेजारी शेजारी उभी राहिल्याशिवाय उंचीचा अंदाज कोणालाच येत नाही. वय मागाहूनही कळतं. हंगामात कमिशनची माणसं खाटकांकडे फिरून जबडे तपासतात. तिसऱ्या दाढेला तीन टेकाडं असतील तर ती दुधाची, हरीण फार तर दीड वर्षाचं. दोनच असतील तर दाढ पक्की, वय त्याहून जास्त. आपण काय मारलं हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने निदान तोंड उघडून बघावं.

पूर्वपक्ष: मग सरळच विचारतो. परवान्याचे पैसे मी भरायचे, सुट्टी मी काढायची, थंडीत मी बसायचं आणि मारायचं कोणाला, तर जंगलाच्या रोपांना जे सोयीचं त्याला. मी वनखात्याचा बिनपगारी मजूर आहे का?

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत खणखणीत मुद्दा, आणि त्याला खोटं उत्तर देण्यापेक्षा अर्धं देईन. कमिशनचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून चालतो, त्यामुळे तुमच्या आवडीला तिथे वजन आहे आणि असणारच. गॅरी ऑल्ट हा शास्त्रज्ञ हरणांच्या विभागाचा प्रमुख झाला तेव्हा त्याला हे पक्कं माहीत होतं. त्याने 2001मध्ये नर आणि मादी यांचे हंगाम एकत्र केले, 2002मध्ये फाट्यांचा नियम आणला आणि गावोगावच्या सभांत हीच देवघेव समजावून सांगितली. आज माद्या मारा, उद्या मोठे नर बघा. त्या 2002च्या हंगामात राज्यात पाच लाखांहून अधिक हरणं मारली गेली. सभांत लोक खवळून उठत, धमक्या येत, आणि 2004च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. मला वाटतं, त्याचं राजकारण चतुर होतं, पण त्यात एक उणीव राहिली. मादी मारणं हे मोठ्या शिंगांसाठी मोजलेलं मोल ठरलं. जंगलासाठी म्हणून ते कोणाच्या गळी उतरलंच नाही. म्हणून शिंगं दिसायला लागली तरी ‘माद्या संपवल्या’ ही ओरड थांबली नाही.

मजुरीचं म्हणाल, तर मजुराला काम नाकारता येतं, तसं तुम्हालाही येतं. पूर्वी मादीच्या परवान्यासाठी गुलाबी पाकिटात अर्ज भरून काउंटीच्या खजिनदाराकडे टपालाने पाठवावा लागे, आणि तो परवाना दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून स्वतः घेऊन फाडून टाकणारेही होते. 2023पासून तो ऑनलाइन मिळतो. तुमचा तो हक्क आहे. मी इतकंच म्हणतो की मोठा नर मारून आपण कळपाचं नियमन केलं, असं मात्र म्हणू नये. शिंगं भिंतीवर लावण्यासाठी मारली तर तसं म्हणावं. त्यात लाज नाही. आणि मांस हवं असेल, तर माजाने अंगातली चरबी झडलेल्या नरापेक्षा शरदात पोसलेली मादी सरस. घरची शीतपेटी भरली तर 1991पासून चालणाऱ्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या उपक्रमातून ते मांस गरजूंच्या ताटात जातं.

पूर्वपक्ष: म्हणजे डोळे मिटून मादी?

उत्तरपक्ष: डोळे उघडे ठेवून, आणि म्हणूनच नेहमी मादी नाही. कमिशन राज्याचे मोठे विभाग पाडून विभागवार परवाने देतं. पण एका विभागात नेच्यांनी गिळलेला डोंगर आणि रोपांनी भरलेली दरी शेजारी शेजारी असतात. 2003पासून जमीनमालकांना आपल्या जागेपुरते जादा मादी-परवाने घेता येतात, ते याच अडचणीसाठी. तेव्हा हंगामाआधी एक दुपार रायफल घरी ठेवून आपल्या रानात चालावं. छातीपर्यंत वाढलेली मेपलची, ओकची रोपं आणि शेंडे शाबूत असलेली झुडपं दिसत असतील, तर तिथे मादी सोडा. परवाना खिशात राहिला तरी चालेल. खाली फक्त नेचे आणि बीच असतील, तर पहिली मोठी मादी, आणि नर समोर आला तरी त्याच्यासाठी ती घालवू नका.

एक गुंता माझ्या बाजूलाही आहे. 2012मध्ये राज्यात हरणांना झिजवून मारणारा, मेंदूचा एक रोग सापडला, ज्यावर औषध नाही. मोठ्या नरांत त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा जास्त आढळतं, आणि दूर जाणारे तरुण नर तो नव्या दऱ्यांत नेऊ शकतात. अशा भागात ‘लहान नर राखा’ हा सल्ला मी देणार नाही. तिथे फाट्यांचा नियम सैल करायला हवा. मारलेल्या प्रत्येक हरणाचं डोकं तपासणीला द्यावं आणि अहवाल येईपर्यंत मांस शीतपेटीतून बाहेर काढू नये.

पूर्वपक्ष: आणि अहवाल चांगला आला, रोपं छातीएवढी आहेत आणि समोर दहा फाट्यांचा नर उभा आहे?

उत्तरपक्ष: मग मारा की. तुमचं आणि माझं भांडण त्या नरावरून कधीच नव्हतं.